थांबलं का तुंबलं?

ही लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजची स्किल लॅब. बेडवरचा पेशंट म्हणजे पुतळा, छातीतून निघालेल्या नळ्या मात्र खऱ्या, बाटलीत लाल रंगाचं पाणी, आणि भोवती उभ्या आहेत थर्ड इयरच्या पोरी, कुणी परभणीची, कुणी हिंगोलीची, कुणी अंबाजोगाईकडची. लातूर पॅटर्न म्हटलं की लोकांना मार्क आठवतात, इथं बाटलीवरची रेघ वाचता आली पाहिजे.

हृदयाच्या बायपास ऑपरेशननंतर पेशंट थेट आयसीयूत येतो, बहुतेक वेळा व्हेंटिलेटरवरच. छातीचं मधलं हाड कापून परत तारेनं बांधलेलं असतं, आत रक्त साचू नये म्हणून या ड्रेनच्या नळ्या, आणि दर तासाला किती आलं ते चार्टवर लिहायचं.

आता मॅडमचा हात बघा. चादरीखाली हळूच नळीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लावला. पाणी थांबलं. पोरगी खूश, "मॅडम, ब्लीडिंग थांबलं!" मॅडम मॉनिटरकडं बोट करतात, बीपी उतरायलंय, पल्स वाढायलीय. "थांबलं का तुंबलं, ते सांग आधी."

नळीत गुठळी अडकली की रक्त हृदयाभोवती साचतं, हृदयाला पसरायला जागाच उरत नाही, याला टॅम्पोनाड म्हणतात. म्हणून ड्रेन एकदम बंद पडला तर लगेच बघायचं, नळीला पीळ पडलाय का, बाटली छातीच्या खालीच आहे ना, मानेच्या शिरा फुगल्यात का, हातपाय गार पडलेत का, लघवी तासाला किलोमागं निदान अर्धा एमएल येतेय का, आणि हे बघता बघताच सर्जनला फोन. उशीर झाला तर पेशंट जातो.

हा तीन बॉलचा स्पायरोमीटर, ऑपरेशननंतर फुप्फुसाच्या व्यायामाचा. यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, पेशंट हमखास फुंकतात आणि या पोरीपण फुंकल्याच. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, दुखतं कमी आणि कफ सुटतो.

शेवटी डिस्चार्जची प्रॅक्टिस. टॉवेलाचा फेटा बांधून एकजण आजोबा झालीय.

"बाबा, हाड जुळेपर्यंत मोटरसायकल नाही, जड काही उचलायचं नाही. उठताना हातावर जोर द्यायचा नाही."

"मग ऊस कोण तोडायचा, माय?"

सगळी लॅब हसायली. हाड जुळायला 6 ते 8 आठवडे, पक्कं व्हायला साधारण 12. हृदयात मेटलचा व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि त्यासाठी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, तो क्लास उद्या.