घेणेकरी, राज्य आणि न्यायमूर्ती जेम्स विल्सन

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘चिझम विरुद्ध जॉर्जिया : एका निकालपत्राचे वाचन’ असा छापला आहे. थकलेल्या पैशांसाठी नागरिकाला एखाद्या राज्यावर दावा लावता येतो का, या प्रश्नावरच्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७९३ सालच्या त्या निकालपत्राकडे मी येणार आहेच; परंतु ते लिहिणाऱ्या न्यायमूर्ती जेम्स विल्सन यांची ओळख करून घेतल्याशिवाय ते वाचू नये, असा माझा आग्रह आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना या दोन्ही दस्तऐवजांवर सही असलेली माणसे केवळ सहा आहेत. विल्सन त्यांतले एक, आणि तरीही आपल्याकडे कायद्याच्या विद्यार्थ्यालाही त्यांचे नाव ऐकून ठाऊक नसते, याची मला फार जुनी खंत आहे.

१७४२ साली स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. तेविशीच्या सुमारास ते फिलाडेल्फियाला आले, तिथे काही काळ लॅटिन शिकवले आणि जॉन डिकिन्सन या नामांकित वकिलाच्या हाताखाली कायदा शिकले. जाड काचांचा चष्मा आणि स्कॉटिश वळणाचे इंग्रजी या दोन गोष्टी त्यांना आयुष्यभर चिकटून राहिल्या. अमेरिकेची राज्यघटना तयार करणाऱ्या १७८७ च्या घटना परिषदेत त्यांच्याइतके बोलणारा दुसरा एखादाच असेल. १ जूनला त्यांनी उभे राहून, देशाची कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती असावी, असा प्रस्ताव मांडला. सगळ्यांच्या मनात राजाचे चित्र उभे राहिले असणार, कारण त्यानंतर सभागृहात बराच वेळ कोणीच काही बोलले नाही, अशी नोंद परिषदेतले एक प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांच्या टिपणांत आहे. त्या व्यक्तीची निवड थेट लोकांनी करावी, असेही विल्सन यांनी सुचवले. ते मात्र परिषदेने मानले नाही. मला त्यांचे मोठेपण इथे दिसते. त्या खोलीतल्या बहुतेकांना सामान्य लोकांचे भय वाटत होते, विल्सन यांना लोकांचा आधार वाटत होता.

हे सांगताना दुसरी गोष्ट लपवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. त्यानंतर दहा दिवसांनी, ११ जूनला, प्रतिनिधित्वासाठी गुलामांची गणना तीन-पंचमांश प्रमाणात, म्हणजे पाच गुलामांमागे तीन माणसे अशी, करावी, हा प्रस्ताव मांडणारेही विल्सनच होते. माणसाच्या प्रतिष्ठेवर इतके सुंदर लिहिलेल्या हातानेच हे घडले.

आता ज्याकरिता मी या माणसाकडे ओढला गेलो, ते सांगतो. वकिलीच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे एक सुतार आले होते. एका सरकारी कार्यालयाला त्यांनी बाके आणि कपाटे पुरवली होती. माल पोचल्याची सही होती, मोजमाप झाले होते, बिल मात्र निघत नव्हते. त्यांनी आणलेल्या पिशवीत अर्जांच्या प्रती होत्या आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाचा गोल शिक्का, निळ्या शाईचा, जुन्या प्रतींवर फिकट झालेला. मी त्यांना समजावून सांगितले की सरकारवर दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यावी लागते आणि दोन महिने थांबावे लागते. ते शांतपणे म्हणाले, “वकीलसाहेब, मी लाकूडवाल्याचे पैसे थकवले तर तो मला दोन दिवस तरी थांबेल का?” मला उत्तर देता आले नाही. पुढे चिझम खटल्यातील विल्सन यांचे मत वाचले, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर देणारा एक न्यायाधीश दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला, हे मला कळले.

आणि हा न्यायाधीश स्वतः कर्जात बुडून मेला, हे त्याहून नंतर कळले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीचे वार्षिक वेतन त्या काळी ३,५०० डॉलर होते. विल्सन यांनी मात्र उधारीवर लाखो एकर जंगलजमीन विकत घेण्याचा सपाटा लावला होता. युरोपातून वसाहतवाले येतील आणि जमिनीचे मोल वाढेल, हा त्यांचा ठाम हिशेब होता. १७९६-९७ मध्ये पतपुरवठा आटला आणि सगळा डोलारा कोसळला. कर्जदाराला तुरुंगात टाकण्याची रीत तेव्हा होतीच. १७९७ साली न्यू जर्सीतील बर्लिंग्टन गावी घेणेकऱ्यांनी या पदावरील न्यायमूर्तीला कैदेत टाकले. मुलगा बर्ड याने पैसे भरून त्यांना सोडवले. तिथून ते दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलिनातील एडेंटन गावी जाऊन राहिले. तिथेही पिअर्स बटलर यांनी १,९७,००० डॉलरच्या येण्यापोटी त्यांना पुन्हा तुरुंगात टाकले. हे बटलर म्हणजे घटना परिषदेत त्यांच्याबरोबर बसलेले, त्याच राज्यघटनेवर सही केलेले गृहस्थ. सुटका झाल्यावर एडेंटनच्या न्यायालयाशेजारी हॉर्निब्लो यांच्या सराईत ते राहिले. जवळ होती ती त्यांची दुसरी पत्नी हॅना, वयाने त्यांच्याहून तीस वर्षांहून अधिक लहान. उन्हाळ्यात हिवतापाने त्यांना गाठले, त्यातून जरा उठतात तोच पक्षाघाताचा झटका आला, आणि २१ ऑगस्ट १७९८ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ते त्या सराईतच वारले. न्यायमूर्तिपदाचा राजीनामा त्यांनी अखेरपर्यंत दिला नव्हता. ज्या हॉर्निब्लो कुटुंबाची ती सराई, त्या कुटुंबाने मॉली नावाच्या स्त्रीला गुलाम म्हणून राबवले. तिची नात हॅरिएट जेकब्स हिने पुढे १८६१ साली गुलामगिरीतील आपली जीवनकथा प्रसिद्ध केली. विल्सन यांची गोष्ट सांगताना त्या घरात राबणाऱ्यांकडे मी पाठ फिरवू शकत नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्यासमोर आली आहे, म्हणून ज्या निकालासाठी आपण जमलो त्याकडे आता घाईनेच जावे लागेल. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, १७७७ साली, रॉबर्ट फारकुहार या साउथ कॅरोलिनातील व्यापाऱ्याने जॉर्जिया राज्याला माल पुरवला. पैसे मिळाले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर मृत्युपत्राचे व्यवस्थापक अलेक्झांडर चिझम यांनी १,६९,६१३ डॉलर ३३ सेंटचा दावा थेट सर्वोच्च न्यायालयात लावला. आपण सार्वभौम आहोत, आपल्यावर दावा चालत नाही, या भूमिकेमुळे जॉर्जियाने हजरच होण्याचे नाकारले.

१८ फेब्रुवारी १७९३ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी निकाल चिझम यांच्या बाजूने लागला. प्रत्येक न्यायाधीशाने आपले मत स्वतंत्र वाचले. विल्सन यांनी खटला एकाच प्रश्नाशी आणून ठेवला: अमेरिकेचे लोक मिळून एक राष्ट्र होतात की नाही? ‘सार्वभौम’ हा शब्द राज्यघटनेत कुठेच नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. राज्य ही माणसाने आपल्या सोयीसाठी केलेली रचना आहे, तिचे सारे महत्त्व माणसाकडून उसने आलेले आहे, आणि म्हणून एकटा माणूस ज्या वचनाने बांधला जातो त्याच वचनाने माणसांचा समूहही बांधला जातो, असा तो युक्तिवाद आहे. ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांनी आपली घटना सुरू होते आणि तिच्या अनुच्छेद ३०० नुसार सरकारवर दावा लावता येतो, हे लक्षात घेतले तर हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

अमेरिकेत तो टिकला नाही. निकालाची अंमलबजावणी करू पाहणाऱ्याला फाशी द्यावी, असे विधेयक जॉर्जियाच्या कनिष्ठ सभागृहाने मंजूर केले. ७ फेब्रुवारी १७९५ रोजी अकरावी घटनादुरुस्ती संमत झाली आणि परराज्यातील नागरिकाने एखाद्या राज्यावर संघराज्याच्या न्यायालयात आणलेला असा दावा बंद झाला. विरोधी मत देणारे एकटे न्यायमूर्ती होते जेम्स आयर्डेल, आणि देशाने शेवटी त्यांचेच म्हणणे उचलून धरले.

एडेंटन हे आयर्डेल यांचे गाव. विल्सन तिथे आश्रयाला गेले, आणि ते वारले तेव्हा आयर्डेल यांचे मेहुणे सॅम्युएल जॉन्स्टन यांच्या हेझ या मळ्यातील जमिनीत त्यांना पुरले. १९०६ साली पेनसिल्व्हेनियातून लोक आले, त्यांचे अवशेष तिथून काढून फिलाडेल्फियाला नेले आणि क्राइस्ट चर्चच्या आवारात पुन्हा पुरले. तोवर एकशे आठ वर्षे ते विरोधी मत दिलेल्या सहकाऱ्याच्या आप्तांच्या मातीत होते.