जत्रेच्या मैदानावरची पाच पोरं

श्रोतेहो, नमस्कार. आज मला एका फोटोबद्दल बोलायचंय. रेडिओवर तो दाखवता येत नाही, तेव्हा मी सांगते तसा नजरेसमोर आणा. जर्मनीतलं हॅम्बुर्ग शहर, साल 1960, पानगळीचे दिवस. जत्रेच्या मैदानावर गर्दी नाही. मागे एक अवजड लोखंडी धूड, आणि त्याच्यापाशी वाद्यं घेऊन थांबलेली पाच पोरं. कुणीही हसत नाहीये.

हे बीटल्स, पुढे जगभर गाजलेला इंग्लंडचा बँड. होय, पाच. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, बास गिटार वाजवणारा स्टुअर्ट सटक्लिफ, आणि ड्रमवर पीट बेस्ट. या पीटचा जन्म आपल्या मद्रासचा बरं का! पुढे यांचा ड्रमर झालेला रिंगो स्टार तेव्हा दुसऱ्याच बँडमध्ये होता.

ऑगस्टमध्ये ही पोरं लिव्हरपूलहून आली ती सांक्ट पाउली भागात. बंदराजवळची, दारूच्या गुत्त्यांची, रात्रभर जागणारी वस्ती. पहिला क्लब मिळाला त्याचं नाव चक्क ‘इंद्रा’. तिथे 48 रात्री वाजवलं, रोज चार-चार, सहा-सहा तास. मालक ओरडायचा, “माख शाऊ!” म्हणजे नुसते उभे राहू नका, काहीतरी करून दाखवा! झोपायला जागा होती एका छोट्या सिनेमा थिएटरच्या मागच्या बाजूला, संडासाला लागून. पांघरायला धड काही नाही, आणि तोंड धुवायला त्या संडासातलंच गार पाणी.

नंतर ती ‘कायझरकेलर’ या तळघरातल्या क्लबमध्ये वाजवू लागली. एका रात्री क्लाउस फोरमन नावाचा चित्रकलेचा विद्यार्थी मैत्रिणीशी भांडून रस्त्यानं भटकत होता. संगीत ऐकू आलं म्हणून तो जिना उतरला, आणि मग त्या मैत्रिणीलाच घेऊन पुन्हा आला. ती म्हणजे आस्ट्रिड किर्शहेर. वय 22, एका नावाजलेल्या छायाचित्रकाराची सहायक. तिला इंग्रजी जेमतेम येई, यांना जर्मन येत नव्हतं. क्लाउस मधे दुभाषा. तिनं या पोरांना जत्रेच्या मैदानावर नेलं, हाताला धरून एकेकाला उभं केलं आणि फोटो काढले. मग घरी नेऊन चहा पाजला.

मला हे फार मोलाचं वाटतं. तेव्हा यांचं स्वतःच्या नावाचं एक गाणंसुद्धा बाजारात नव्हतं. गुत्त्यातली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे करमणूक म्हणून बघत होती. आस्ट्रिडनं मात्र त्यांचे चेहरे निरखले. खिडकीतून येणारा उजेड चेहऱ्याच्या एकाच बाजूवर घ्यायचा आणि दुसरी बाजू काळोखात सोडायची, ही तिची आवडती रीत. 1963 साली छायाचित्रकार रॉबर्ट फ्रीमन त्यांच्या दुसऱ्या अल्बमचं मुखपृष्ठ टिपणार होता, तेव्हा पोरांनी त्याला आस्ट्रिडचेच फोटो दाखवले. ते अर्धे उजळलेले चार चेहरे मग जगभर गेले. आस्ट्रिडचे स्वतःचे फोटो मात्र पुढे कितीतरी वेळा तिला पैसे न देता छापले गेले. याची मला आजही चीड येते.

नोव्हेंबरात पोलिसांनी जॉर्जला देशाबाहेर काढलं. कारण? तो 17 वर्षांचा, आणि अठराच्या आतल्यांना इतक्या उशिरापर्यंत क्लबात थांबायला मनाई.

स्टुअर्ट आणि आस्ट्रिडचं एव्हाना जमलं होतं. तो बँड सोडून हॅम्बुर्गलाच राहिला, पुन्हा चित्रं काढू लागला. आस्ट्रिडच्या घराचा पोटमाळा हा त्याचा स्टुडिओ. 10 एप्रिल 1962 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय 21. दुसऱ्याच दिवशी जॉन, पॉल आणि पीट हॅम्बुर्गला उतरले आणि विमानतळावर आस्ट्रिडनं त्यांना ही बातमी सांगितली.

काही दिवसांनी जॉन आणि जॉर्ज त्या पोटमाळ्यावर गेले, आणि तिथे तिनं त्यांचा फोटो काढला. जॉन बसलाय. कॉलेजपासूनचा जिवलग दोस्त गेलेला. चेहरा लहान मुलासारखा, हरवलेला. त्याच्या मागे जॉर्ज उभा आहे. दीड वर्षापूर्वी लहान म्हणून परत पाठवलेला तोच जॉर्ज, आता 19 वर्षांचा. नजर ताठ, स्थिर. पाहणाऱ्याला वाटावं, या दोघांत थोरला हाच.