दोन घड्याळं घेऊन समुद्रावर

नमस्कार श्रोतेहो.

घरात दीड-दोन वर्षांचं, फार तर चार वर्षांचं मूल असलं आणि समुद्रावर जायचं ठरलं, की आधी शोध सुरू होतो तो खोलीचा. खिडकीतून पाणी दिसतं का, किती दिवस राहायचं, जायचं कसं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, खोली ठरवण्याआधी एका कागदावर दोन वेळापत्रकं शेजारी शेजारी लिहून काढा. एक मुलाचं: ते उठतं कधी, त्याला भूक केव्हा लागते, दुपारी किती वाजता झोपतं. दुसरं समुद्राचं: भरती कधी, ओहोटी कधी. ही दोन घड्याळं जुळणारे दिवस सापडले, की बाकीचं ठरवणं सोपं जातं. जुळली नाहीत, तर कितीही चांगली खोली घ्या, मूल किरकिरतं आणि मोठी माणसं दमून परत येतात.

समुद्राचं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा थोडं मागे पडत जातं. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. म्हणून आज सकाळी ७ वाजता भरती असेल, तर उद्याची ७ वाजून ५० मिनिटांच्या आसपास, परवाची पावणेनऊच्या आगेमागे. असं सरकत सरकत आठवड्याने ती दुपारी पाऊण-एकवर जाते आणि सकाळी पावणेसातच्या सुमाराला ओहोटी असते. म्हणजे तोच किनारा, तीच खोली, पण सुट्टी एका आठवड्याने पुढे ढकलली तर सकाळी उठल्यावर वेगळाच समुद्र समोर येतो. भरती-ओहोटीचं कोष्टक आगाऊ मिळतं. जायची तारीख पक्की करण्याआधी ते बघा, आणि तुम्ही जाणार त्याच किनाऱ्याचं किंवा त्याच्या सगळ्यात जवळच्या बंदराचं आहे याची खात्री करा.

लहान मुलासाठी कोणती वेळ चांगली? उन्हाचा विचार करता खेळायच्या वेळा दोनच: सकाळी ७ ते १०, आणि दुपारी ४ नंतर. सपाट, हळूहळू खोल होत जाणाऱ्या पुळणीवर या वेळात ओहोटी असावी. पाणी लांब गेलेलं असतं, वाळू ओली आणि घट्ट असते, जागोजागी घोट्याएवढी डबकी साठलेली असतात. दोन वर्षांच्या मुलाला खरं तर त्या डबक्यापलीकडचा समुद्र लागतच नाही. उताराचा किनारा असेल, तर भरतीच्या वेळी मुलाला काठाशी नेऊ नका. तिथे लाट लांबून फुटत येत नाही, अगदी पायाशी येऊन आदळते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. मोठ्या माणसाच्या पोटरीपर्यंतचं पाणी मुलाला आडवं करायला पुरतं.

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीनंतरच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढणीचा बारावा भागच चढतो, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मी चढण होऊन जाते. पहिला तासभर पाणी जागचं हललेलं दिसत नाही, म्हणून माणसं निर्धास्त बसतात. त्यातून पुष्कळ पुळणींवर काठाला समांतर असा वाळूचा उंचवटा असतो आणि त्याच्या मागे खोलगट भाग. भरतीचं पाणी आधी त्या खोलगट भागात शिरतं. तुम्ही उंचवट्यावर कोरडे बसलेले असता आणि परतीच्या वाटेवर पाणी भरलेलं असतं. कडेवर मूल, हातात पिशव्या, अशा वेळी गुडघाभर पाणीसुद्धा अवघड होतं. म्हणून ओहोटीची नेमकी वेळ टळून गेली, की तासाभरात सामान वर हलवा.

अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतर एक-दोन दिवस उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. पहिलीच सहल असेल, तर माझा कौल भांगाच्या दिवसांना.

किनारा निवडताना दोन्ही बाजूंनी आडोसा असलेला, जीवरक्षक असलेला निवडा. नदीच्या किंवा खाडीच्या मुखापासून लांब राहा. ओहोटीला तिथलं पाणी जोरात बाहेर खेचलं जातं. जोराचा पाऊस पडून गेला असेल, तर दोन-तीन दिवस मुलाला पाण्यात घालू नका, कारण जमिनीवरची सगळी घाण वाहून काठाशी आलेली असते. बऱ्याच देशांत लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यावर जीवरक्षकाचं लक्ष असतं, आणि नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. तरी गेल्या गेल्या तिथल्या फलकावर खुणांचा अर्थ वाचून घ्या. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर हवा भरलेली खेळणी पिशवीतून बाहेरच काढू नका.

श्रोतेहो, आता एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. सगळीकडे पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मध्येच एका अरुंद पट्ट्यात लाट फुटत नाही. पाणी तिथे शांत, जरा गडद किंवा गढूळ दिसतं. आईवडिलांना वाटतं, मुलाला खेळवायला हीच जागा बरी. तीच सगळ्यात धोक्याची जागा असते. लाटांनी काठाशी आणून टाकलेलं पाणी त्या पट्ट्यातून समुद्राकडे परत जात असतं, आणि त्याचा जोर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही भारी पडू शकतो. त्यात मोठं माणूस सापडलं, तर काठाच्या दिशेने झुंजू नये. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तसं काठाला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावं.

बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की आवाज निघत नाही, आणि सगळा प्रकार मिनिटाच्या आत उरकतो. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, त्यामुळे वीतभर पाण्यात तोंडावर पडलं तरी त्याला स्वतःहून उठता येईलच असं नाही. म्हणून मूल पाण्यात किंवा पाण्याच्या काठाशी असेल तेव्हा ते हाताच्या अंतरावर हवं. चार मोठी माणसं बरोबर असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. त्यापेक्षा १५-२० मिनिटांची पाळी लावा. पाळी असलेल्याने फोन दुसऱ्याकडे द्यायचा, आणि पाळी बदलताना तोंडाने म्हणायचं, “आता तू बघ,” समोरच्याने “हो, मी बघतोय” म्हटल्याशिवाय नजर काढायची नाही. दंडावरचे फुगे आणि कमरेची रिंग ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नये. होडीत बसायचं असेल, तर मुलाच्या वजनाचं, दोन पायांमधून पट्टा असलेलं जीवरक्षक जाकीट हवं. घालून झाल्यावर खांद्यापाशी धरून वर ओढा. ते हनुवटीच्या वर सरकलं, तर मोठं होतंय. पोहायचे कपडे भगवे, पोपटी, गडद गुलाबी असे भडक रंगाचे घ्या. निळ्या कपड्यांतलं मूल पाण्यात दिसेनासं होतं.

उन्हाचं माप म्हणजे आपली सावली. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली, की मुलाला आडोशाला न्या. छत्री असली तरी निर्धास्त राहू नये. वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, शिवाय मोकळ्या आकाशातून ते सगळ्या बाजूंनी येत असतात. छत्रीची सावलीही सरकत असते. म्हणून पहिला आधार कपड्यांचा: लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा, मानेवर पडदा असलेली टोपी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सरळ उन्हात नेऊच नका. त्याहून मोठ्या मुलांना एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा. दोन वर्षांच्या मुलाच्या सगळ्या अंगाला साधारण दोन छोटे चमचे लागतं, लांब बाह्यांचा सदरा असेल तर एक चमचा. बहुतेक घरांत याच्या निम्मंही लावलं जात नाही, आणि मग मलमाला दोष दिला जातो. निघण्याआधी २० मिनिटं, खोलीतच, कोरड्या अंगाला लावा. कान, मानेचा मागचा भाग, पायांचे पंजे आणि गुडघ्यांची मागची बाजू हमखास राहून जाते. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा. नवं मलम घरीच आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. बाबागाडीवर कापड टाकून सावली करू नका, आत हवा कोंडते आणि बाळ तापतं.

ऊन असूनही मूल पाण्यात गारठतं, ते मोठ्या माणसापेक्षा फार लवकर. पहिल्या वेळी दहा मिनिटं पुरेत. ओठ निळसर दिसायची वाट न पाहता बाहेर काढा, ओले कपडे बदला, कोरडं गुंडाळा. साधा डायपर पाणी पिऊन फुगतो आणि खाली ओघळतो. पोहण्याचा डायपर फक्त शी अडवतो, शू अडवत नाही. म्हणून तो पाण्याच्या काठाशी घालायचा आणि बाहेर आल्याबरोबर काढायचा.

कोरडी वाळू दुपारी पाय भाजण्याइतकी तापते. हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवा. तुम्हाला सोसवत नसेल तर मुलाच्या पायात चपला हव्यात. वाळू डोळ्यात गेली, तर चोळू न देता स्वच्छ पाण्याने धुवा, त्यासाठी एक बाटली वेगळी ठेवा. अंगाला चिकटलेली वाळू ओल्या कपड्याने पुसली तर त्वचा खरवडते. कॉर्नफ्लोअर चोळा, ओल शोषली जाते आणि हाताने झटकली की वाळू गळून पडते. खड्डे खणण्यात मुलं रमतात. पण खड्डा मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, आणि त्यात आडवा बोगदा तर नकोच. वाळूची भिंत काही न सांगता ढासळते आणि आतल्याला उकरून काढेपर्यंत उशीर होतो. निघताना खड्डा बुजवा.

जेलीफिशचा डंख झाला, तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोडं पाणी ओतू नका, वाळूने घासू नका, आणि जीवरक्षकाला दाखवा. तिथे कुठली जात येते हे त्यांना ठाऊक असतं. मूल दिसेनासं झालं, तर सगळ्यात आधी पाण्याकडे बघा, मग बाकीकडे. रोज सकाळी त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा एक फोटो काढून ठेवा आणि मनगटाच्या पट्टीवर तुमचा फोन नंबर लिहा. पाणी थोडं थोडं, वारंवार पाजा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, दूधच जास्त वेळा द्या. ओआरएस बरोबर असू द्या, आणि ते पाकिटावर सांगितलेल्या पूर्ण पाण्यातच कालवा. सुस्ती, उलटी किंवा अंग कढत लागलं तर डॉक्टर गाठा.

खोलीबद्दल थोडंच. किनाऱ्यापासूनचं अंतर मुलाच्या पावलांनी मोजा, गच्चीच्या कठड्याच्या गजांतून मूल निसटू शकतं का ते बघा, तरणतलाव असेल तर त्याला कुंपण आणि बंद होणारं दार आहे का ते आधीच विचारा.

आणि रोजचा बेत झोपेच्या वेळेपासून उलटा मोजा. बाराला झोप, साडेअकराला जेवण, अकराला अंघोळ, वीस मिनिटं चालत यायला, वीस मिनिटं आवरायला. म्हणजे सव्वादहाच्या सुमाराला बादली-फावडं गोळा करायचं, मूल खुशीत असतानाच. ते रडायला लागेपर्यंत थांबलं, तर जेवण आणि झोप दोन्ही हातची जातात. मग रात्री, मूल झोपल्यावर, तो कागद पुन्हा काढायचा, आजच्या ओहोटीत ५० मिनिटं मिळवायची, कोष्टकाशी ताडून बघायचं आणि उद्या किती वाजता निघायचं ते लिहून ठेवायचं.

नमस्कार.