तूप बंद केलं, साखर चालूच राहिली

श्रोतेहो, नमस्कार.

रक्ताचा रिपोर्ट हातात येतो, ट्रायग्लिसराइड्सच्या आकड्यापुढे ठळक खूण दिसते आणि घरात पहिला हुकूम सुटतो, 'उद्यापासून तूप बंद!' दिवसाचे चार चहा मात्र दोन-दोन चमचे साखरेसकट चालू राहतात. मला काळजी वाटते ती त्या चहाची.

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी. ती तेला-तुपातून येतेच, पण गरजेपेक्षा जास्त झालेल्या साखरेपासून आणि पिठूळ पदार्थांपासून आपलं यकृतही ती तयार करतं. त्यामुळे तळलेलं फारसं न खाणाऱ्या माणसाचाही आकडा वाढलेला असू शकतो.

आपला उपवासच बघा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी रताळ्याच्या गोड फोडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही पडली! उपवास जरूर करा, पण ताक, काकडीची कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे, एखादं फळ यांवर करा. फळ चावून खा, त्याचा रस नको. आणि साखरेऐवजी गूळ घेतला म्हणजे सुटलो, असंही समजू नका.

रोजच्या ताटात भाताचा ढीग कमी करून उसळ आणि पालेभाजी वाढवा. मासे खात असाल तर बांगडा, तारली आणा. त्यांतलं ओमेगा-३ या दुखण्यात उपयोगी पडतं. मात्र तळण्यापेक्षा कालवण करा. दारू पूर्ण सोडा, कारण थोड्या दारूनेही काहींचा आकडा चढतो. वजन जास्त असेल तर ८० किलोच्या माणसाने चार-पाच किलो उतरवले तरी रिपोर्टमध्ये फरक दिसतो. त्यासाठी आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चाला.

उपाशीपोटी १५०च्या आत असलेला आकडा ठीक समजतात. ५००च्या वर गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा घरगुती उपायांवर थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. मधुमेह किंवा थायरॉइडचं दुखणं मागे दडलेलं असू शकतं, तेही तपासून घ्या. चालू असलेलं औषध आपल्या मनाने बंद करू नका.

डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा रक्त तपासा. उपाशीपोटी तपासणी असेल तर आदल्या रात्री लवकर जेवा आणि सकाळी फक्त पाणी पिऊन जा. चहा परत आल्यावर. बिनसाखरेचा.