दोन बोटांचं बायबल

(पडद्यावर जुना टाइपरायटर. खट्… खट्…)

हा आवाज ऐका. दोन ठोक्यांमध्ये केवढा वेळ जातोय बघा. टाइप करणाऱ्याचं शरीर लुळं पडलंय, हाताची एकदोन बोटंच काय ती हलतात. आणि तो चिनी भाषेत बायबल लिहितोय.

सॅम्युएल आयझॅक जोसेफ शेरेशेव्स्की. जन्म १८३१, लिथुआनियातल्या तौरागे गावी, ज्यू घरात. शिकत होते राब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होण्यासाठी. त्या दिवसांत हिब्रूत उतरवलेला नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, हाती पडला आणि पुढचं सगळंच फिरलं. १८५४मध्ये अमेरिका, तिथे एपिस्कोपल चर्च (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ), १८५९मध्ये चीनचं जहाज. चिनीची धुळाक्षरं त्यांनी जहाजावरच गिरवायला घेतली!

पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, लहानपणीचं हिब्रू कामाला आलं. जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, त्यांनी मूळ हिब्रूवरून मँडरिनमध्ये, लोकांच्या बोलण्यातल्या भाषेत, आणला. बिशपपद मात्र त्यांना नको होतं. आधी नाही म्हणाले, पण १८७७मध्ये शांघायचे बिशप व्हावंच लागलं. दोन वर्षांत तिथे सेंट जॉन्स कॉलेज उभं राहिलं.

१८८१चा ऑगस्ट. चीनमधल्या वूचांग शहराच्या उकाड्यात ते कोसळले. अर्धांगवायू. १८८३मध्ये राजीनामा.

(पुन्हा टाइपरायटर.)

लेखणी धरवेना, म्हणून टाइपरायटर आला. पण त्यावर चिनी अक्षरं कुठून असणार? मग चिनी शब्दांचे उच्चार रोमन लिपीत टाइप करायचे, आणि लेखनिकांनी त्यांची चिन्हं मांडायची. चिनीत एकाच उच्चाराची कितीतरी चिन्हं असतात, तेव्हा लेखनिकाचीही कसोटीच. आपल्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबलसाठी घातलेला घाट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कामाचा चिवटपणा वेगळा सांगायला नको.

हे भाषांतर सोप्या वेनलीत होतं. वेनली म्हणजे ग्रंथांची, जाणकारांची चिनी. बोली वेगळी असलेला दक्षिणेतला वाचकही ती वाचू शकायचा. छपाईवर लक्ष ठेवायला म्हणून शेरेशेव्स्की टोकियोत जाऊन राहिले. १९०२मध्ये ग्रंथ बाहेर पडला. लोक त्याला म्हणू लागले, ‘दोन बोटांचं बायबल’.

१५ ऑक्टोबर १९०६ रोजी टोकियोतच ते गेले. शांघायच्या या बिशपांची कबर तिथल्याच आओयामा दफनभूमीत आहे.