खडूचं वर्तुळ

(पहाट. शटर वर जातं.)
मे सरत आलाय. वर्धा जिल्ह्यात जामच्या चौरस्त्याजवळचं हे खताचं गोदाम. मृग लागायच्या आत माल गावोगावच्या कृषी केंद्रांत पडला पाहिजे, आणि ऊन चढायच्या आत गाडी भरली पाहिजे.

(खांद्यावर दुपट्ट्याची घडी, त्यावर पोतं.)
युरियाचं पोतं 45 किलोचं, डीएपीचं 50 किलोचं. थप्पीवरून पाठीवर, पाठीवरून फळीवर, फळीवरून गाडीत. कुठे वेळ जातो, ते या पाठींना आधी कळतं.

(फरशीवर पुसट पिवळ्या रेघा.)
या रेघा गोदामाचं काम सुधारायच्या आधीच्या प्रयत्नाच्या. शहरातून सल्लागार आले, भिंतीवर तक्ते लागले, फाईव्ह एसचं, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी लावायच्या जपानी पद्धतीचं, प्रशिक्षण झालं. हमालांना कुणी विचारलं नाही. मालाचा रेटा आला, तशी पोती रेघांवरच रचली गेली.

(खडूचं वर्तुळ. आत उभे मालक.)
जपानात टोयोटाचे ताईची ओहनो कारखान्याच्या फरशीवर असं वर्तुळ काढायचे आणि व्यवस्थापकाला त्यात उभं करायचे. तासन्‌तास फक्त काम बघायचं. इथे मालक स्वतः उभे राहिले. समुद्रपूरचं खत आधी आत गेलं, गिरडचं त्याच्यापुढे दाराशी. गाडी लागणार आधी समुद्रपूरला. म्हणजे तिथे गिरडची पोती उतरवा, समुद्रपूरची काढा, गिरडची पुन्हा चढवा.

(मुकादम, जवळून.)
“भाऊ, जे शेवटी उतरते, थे पयले भरा लागते.”

हे हमालांना कितीतरी वर्षांपासून ठाऊक होतं. पण काम हलकं झालं, की दर कापतील, ही धास्ती. हमालांच्या मजुरीला संरक्षण मिळावं म्हणून महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला; सुधारणेच्या तक्त्यांत मात्र मजुरीचा रकाना सहसा नसतोच. मालकांनी आधी शब्द दिला, पोत्यामागचा दर कमी होणार नाही. तो कागदावर लिहून हजेरीपटाशेजारी लावला. त्यानंतरच माणसं बोलायला लागली.

(कंदिलासारखा पिवळा बल्ब. बिल्टी. थप्पीवर खडूची अक्षरं.)
आता बिल्टी, म्हणजे गाडीतल्या मालाचा कागद, आदल्या संध्याकाळीच तयार होते. मुकादम ती वाचतो आणि थप्प्यांवर लिहितो: गिरड 1, समुद्रपूर 2. सकाळी काही अडलं, तर गोदामातच उभ्याउभ्या ठरतं, पुढच्या गाडीला बदललेलं असतं.

गाड्या लवकर निघतात, पोती कमी फुटतात.

(गाडी फाटकाबाहेर. मुकादमाचा हात.)
दुपट्ट्याच्या टोकाने तो ‘गिरड’ पुसतो आणि दुसरं गाव लिहायला घेतो.