हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद

नमस्कार. चर खोदले, बंधारे बांधले, पहिल्याच चांगल्या पावसात विहिरी तुडुंब भरल्या आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा टँकरची वाट पाहण्याची वेळ आली, अशी गावे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. अडवलेले पाणी कोणी आणि किती उपसायचे, हे तिथे ठरलेच नव्हते. हिवरे बाजारने ते ठरवले, म्हणून आज या गावाविषयी बोलायचे आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले हे गाव पर्जन्यछायेत येते. वर्षाकाठी पाऊस साधारण ४०० मिलिमीटर. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे राज्याच्या आदर्श गाव योजनेत गावाची निवड झाली आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही पाच बंधने गावाने स्वतःवर घालून घेतली. शेळ्या-मेंढ्यांवर ज्यांचे पोट होते, त्यांना चराईबंदी सर्वांत जड गेली असणार, हे विसरून चालणार नाही. पण त्याच बंदीमुळे डोंगरावर गवत वाढले, ते कापून गोठ्यात आणता येऊ लागले आणि गावातले दूध वाढत गेले.

जलसंधारणाची कामे माथा ते पायथा या क्रमाने झाली. डोंगरउतारावरचा सलग समतल चर साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असतो. तो समपातळीतच खोदावा लागतो, कारण जरा उतार राहिला की पाणी मुरण्याऐवजी एका टोकाला धावते आणि तिथला बांध फोडून माती घेऊन जाते.

आता एक हिशेब करू या. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी मिळते. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर आहे; म्हणजे एका मिलिमीटरला जवळजवळ एक कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो, परंतु त्यातले बरेच पाणी बाष्प होऊन उडते, काही वाहून जाते, आणि जे मुरते त्याला काळ्या पाषाणात जागा थोडीच मिळते. हे पाणी प्रामुख्याने वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. तीच आपल्या विहिरींची शिदोरी. एखाद्याने खोल बोअर घेतला, तर भेगांमधून शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणीही खाली ओढले जाऊ शकते. म्हणूनच शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस, केळी यांसारखी तहानलेली पिके लावायची नाहीत, असा नियम गावाने केला. माझ्या मते या गावाचे सर्वांत कठीण काम हेच होते. चर खोदायला उत्साह पुरतो, पण स्वतःच्या जमिनीखालचे पाणी एकट्याचे नाही हे मान्य करायला फार मोठे मन लागते.

पावसाळा सरला की पर्जन्यमापकातल्या नोंदी आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे ठेवली जाते. आधी माणसांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग जनावरांचे, आणि उरेल त्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवायचे. पाऊस कमी झाला असेल, तर गव्हासारख्या जास्त पाण्याच्या पिकाला आवर घालून कमी पाण्यात येणारी पिके घ्यायची, आणि हा निर्णय पेरणीच्या आधी, सगळ्यांच्या समक्ष घ्यायचा.